तिसरा सरेपर्यंत

फोन आला तेव्हा छाया शेताच्या मधोमध उभी होती, कमरेला ओटी बांधलेली, बोटं झेंडूनं काळी पडलेली. नवरात्राची दुसरी माळ. दसऱ्याचं फूल ऐन भरात आलेलं, चार सऱ्या तोडायच्या बाकी, आणि महेशदादा बांधावरून टेम्पोचा हॉर्न मारून डोकं खात होता. नंबर अनोळखी. तिनं फोन कान आणि खांद्यात दाबला आणि तोडणी चालूच ठेवली.

"सरिता महेश फडोळ बोलताय का?"

"हो, बोला," छाया म्हणाली.

हे काही पहिल्यांदा नव्हतं. सरिता वहिनीचा फोन बटणांचा, त्यातही निम्मी बटणं मेलेली. म्हणून घरातल्या कुठल्याही बाईच्या कागदावर नंबर लिहायचा तर छायाचाच. गॅसवाला असो, बँकवाली असो, बचत गटाची मॅडम असो, छाया आवाज जरा जड करायची आणि सरिता होऊन मोकळी व्हायची. फोन घेऊन वहिनीपर्यंत चालत जायचं, तिला द्यायचा, मग परत आणायचा, एवढा धीर त्या पोरीत नव्हता. धीर असता तर नववीत गणिताच्या मास्तरांशी भांडून दप्तर घरी आणून टाकलं नसतं.

"मी अंजली सिस्टर बोलतेय, हॉस्पिटलमधून. ऑगस्टमध्ये तुमच्या गावात कॅम्प झाला होता, तेव्हा तुम्ही गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली होती. आठवतंय ना?"

"हां, मग?"

"रिपोर्ट आलाय. जरा उशीर झाला. त्यात पेशींमध्ये बदल दिसतोय. कॅन्सर आहे असं नाही हं, घाबरायचं नाही. पण तिथं दुर्बिणीनं बघायला लागेल. मंगळवार आणि गुरुवार ओपीडी असते. या मंगळवारी या."

छायाचा हात फुलावरच थांबला.

"आणि एक विचारते, लिहायला लागतं. आत्ता दिवस गेलेत का तुम्हाला?"

आता इथं छायानं खरं सांगायला हवं होतं. पण गेले दोन महिने घरात एकच मंत्र चालू होता. मागच्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात आईनं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले आणि आठच दिवसांत सगळं वाहून गेलं. सहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा राहिलेलं. तेव्हापासून आईचं ठरलं होतं, ह्या खेपेला तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आशाताईला नाही, वहिनीच्या माहेरी नाही, देवळातल्या बाईला तर मुळीच नाही. दादा-वहिनी एकदा शहरात, गंगापूर रोडला, सोनोग्राफी करून आले, ठोके ऐकून आले, तेवढंच. शेजारची लताबाई खोदून खोदून विचारायची, "सरिता फिकट का दिसती गं?" आणि छाया धडधडीत सांगायची, "उन्हानं." जिभेला सवयच पडली होती.

"नाही," छाया म्हणाली. "तसलं काही नाही."

"बरं. मग मंगळवारी या," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सरीच्या त्या टोकाला वहिनी क्रेटवर बसली होती. वाकायला आईनं बंदी केली होती म्हणून ती फुलं निवडत होती, फुटकी बाजूला, टपोरी आत. छाया बघते आहे म्हटल्यावर तिनं एक फूल उचलून तिच्याकडं भिरकावलं.

"कोणाचा फोन? हिरो वाटतं?"

"कंपनीवाला," छाया म्हणाली.

तिनं ते फूल ओटीत टाकलं आणि पाठ वळवली.

पिशवी म्हणजे काय हे त्यांच्या गल्लीत कुणाला शिकवायला लागत नव्हतं. लताबाईची काढलेली. कोपऱ्यावरच्या दोघी जावांची एकाच महिन्यात काढलेली. छायाच्या आईची, साळूबाईची, चौतिसाव्या वर्षी काढलेली, अंगावरून पांढरं जातं म्हणून. छाया तेव्हा दीड वर्षांची होती. डॉक्टर म्हणाला होता, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, आणि त्याच आठवड्यात टेबलावर घेतलं होतं. गल्लीतल्या बायका हे अशा सांगायच्या, जसा दुखरा दात उपटून आणला. पिशवीत बिघाड म्हटलं की पिशवी काढायची, यापलीकडं दुसरी गोष्ट छायानं कधी ऐकलीच नव्हती.

आणि वहिनीच्या पिशवीत तर लेकरू होतं.

संध्याकाळी माळा ओवायला बसले तेव्हा तिनं गुपचूप फोनवर शोधलं. नको ते फोटो आले. नको ते शब्द आले. एका ठिकाणी लिहिलं होतं, लगेच उपचार करा. एका व्हिडिओत टाय घातलेला माणूस म्हणत होता, उशीर म्हणजे मृत्यू. छायानं फोन उपडा ठेवला आणि सुई बोटात घुसवून घेतली.

"अगं अगं!" वहिनी म्हणाली. "ध्यान कुठंय छायाताई? फुलात ओवायची की बोटात?"

"गप बस ना तू."

"अरे देवा. मला का चावती?"

देवघरात घट बसले होते. आई नऊ दिवसांचा उपास धरून तिथंच सतरंजीवर असायची, समईत तेल घालत. घट बसलेत तोवर घर सुनं ठेवायचं नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही, हा तिचा कायदा. छायानं मनातल्या मनात हिशेब मांडला. दसऱ्याला तिसरा सरतो. आई म्हणायची, तिसरा सरला की लेकरू घट्ट बसतं, मग त्याला कोणी हलवू शकत नाही. म्हणजे आठ दिवस. आठ दिवस हे पोटात ठेवायचं. लेकरू एकदा घट्ट बसलं की मग सांगू, मग डॉक्टरला काढताच येणार नाही. हे तिला फार हुशारीचं वाटलं. निदान पहिल्या रात्री तरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाटलं नाही. आठ दिवसांत जर वहिनीलाच काही झालं तर? उशीर म्हणजे मृत्यू, असं तो टायवाला म्हणाला होता. छाया तोडणी करता करता वहिनीकडं बघायची. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली की छायाची तोडणी थांबायची. वहिनीला मोरीत जास्त वेळ लागला की ती दाराबाहेर जाऊन उभी राहायची.

"वहिनी? झालं का?"

"आता मोरीत पण पहारा का गं?"

"मला हात धुवायचेत."

"हात धुवायला अंगणात नळ हाय, बाई."

मंगळवार आला. छाया सकाळपासून ज्याच्या त्याच्या अंगावर जात होती. महेशदादानं क्रेट नीट रचला नाही म्हणून त्याला बोलली, कुत्र्याला दगड मारला, आईनं शेंगदाणे भाजायला सांगितले ते करपवले. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. ओपीडी संपली असणार. कोणाला काही कळलं नाही. तिला वाटलं होतं मंगळवार गेला की मोकळं वाटेल. उलट आता गुरुवार डोळ्यांपुढं उभा राहिला.

बुधवारी ती दादाबरोबर क्रेट भरायला बांधावर गेली आणि फोन घरी चार्जिंगला राहिला.

परत आली तेव्हा वहिनी ओसरीवर बसली होती. मांडीवर अर्धी ओवलेली माळ, आणि माळेवर छायाचा फोन. ती काहीच करत नव्हती. सरिता वहिनीचे हात रिकामे असे छायानं सहा वर्षांत पाहिले नव्हते.

"छायाताई," ती हळू म्हणाली, "मी त्या सिस्टरशी कधी बोलले गं?"

छाया चप्पल काढता काढता तशीच थांबली.

"शुक्रवारी बोलले म्हणे मी. मंगळवारी येते म्हणाले म्हणे. आणि दिवस गेलेले नाय, असंही मीच सांगितलं म्हणे." वहिनीचा आवाज अजून हळूच होता. "त्या मला रागावल्या. फडोळबाई, स्वतःच्या जिवाचं तुम्हालाच काही नाही का, म्हणाल्या. मी म्हटलं, नाय ना ताई, मला माहीतच नाय. दिवसांचं मात्र माझ्याही तोंडातून निघालं नाय."

"मग काय सांगायला पायजे होतं मी?" छाया एकदम उसळली. चूक आपली असली की तिचा आवाज असाच चढायचा. "आईनं सगळ्यांची तोंडं शिवलीत ना! तिसरा सरेपर्यंत बोलू नका, बोलू नका! मी नाय बोलले! आणि तुला सांगितलं असतं तर तुला नेलं असतं आणि पिशवी काढली असती, लेकरासकट! मग?"

"हळू बोल."

"मी लेकरासाठी केलं!"

"छाये!"

नणंद तेरा वर्षांनी लहान, तरी वहिनी तिला कधी ताई लावल्याशिवाय बोलली नव्हती. 

"माझ्या अंगात काय चाललंय, ते सहा दिवस तुला माहीत," वहिनी म्हणाली. "आणि मी इथं गाणी म्हणत माळा ओवती."

देवघराच्या दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. उपासानं डोळे आत गेलेले, हातात तेलाची वाटी.

"पिशवीचं काय म्हणाली ती?"

तिनं वाटी खाली ठेवली आणि वहिनीसमोर बसली. वहिनीनं सांगितलं, सिस्टरनं सांगितलं तसं, शब्दाला शब्द. पेशींत बदल. कॅन्सर आहे असं नाही. दुर्बीण. आईनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचं एकेक पान गळून पडत होतं.

"आपण आपल्या डॉक्टरकडं जाऊ," ती शेवटी म्हणाली. "माझं ज्यानं केलं, त्याच्याकडं. हात चांगला हाय त्याचा. आज दुपारीच जाऊ."

"आत्या, तो काढील."

"काढायची असली तर काढू." आईचा आवाज फाटला. "लेकरू देवानं दिलं तर दिलं. नाय तर नाय. तू ऱ्हायली पायजे, सरिता. मला तू पायजे."

सुनेला सासू असं म्हणते हे छायानं पहिल्यांदाच ऐकलं. वहिनीनंही बहुतेक पहिल्यांदाच. तिचे डोळे भरले, पण मान हलली ती नकारार्थीच.

"मी उद्या त्या सिस्टरकडं जाणार, आत्या. ज्यांनी शोधून काढलं त्यांनाच विचारणार. तुम्ही नाय म्हणालात तरी जाणार."

आईनं वाटी उचलली, देवघरात जाऊन समईत तेल घातलं. मग अंगणात गेली आणि कुंपणावरून हाक मारली. "लताबाई! उद्या सकाळपास्नं माझ्या घरात बसशील का? घटाजवळ. मला सरितेला दवाखान्यात न्यायचंय."

"का गं? काय झालं तिला?"

आईनं एक श्वास घेतला. "दिवस गेलेत तिला," ती म्हणाली. तिसरा सरायला तीन दिवस बाकी होते.

गुरुवारी सकाळी तिघी हॉस्पिटलात पोहोचल्या. महेशदादाला टेम्पो घेऊन बाजारात जाणं भाग होतं. त्याला एवढंच सांगितलं होतं की तपासणी आहे. रिपोर्टचं त्याला मीच सांगेन, नीट कळल्यावर, असं वहिनी म्हणाली होती.

बाकड्यावर जागा नव्हती. भिंतीला टेकून बायका उभ्या, कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या हातात फायलींची पिशवी. छायाला एका जागी उभं राहवत नव्हतं. ती पाणी प्यायली, परत आली, दारावरची पाटी वाचली, परत पाणी प्यायली. नाव पुकारलं तेव्हा ती नळाजवळून धावतच आली.

अंजली सिस्टर छायाला वाटलं होतं त्यापेक्षा लहानखुऱ्या निघाल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी फाइल उघडली आणि कागदावर बोट ठेवून वाचायला लागल्या.

"सरिता महेश फडोळ. वय तीस. गर्भवती नाही..."

वहिनी काही बोलायच्या आत छाया पुढं झाली.

"ते खोटंय. गर्भवती हाय. तिसरा संपत आलाय. फोनवर मी होते, ती नव्हती."

सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तू कोण?"

"नणंद."

"वा! मी शुक्रवारी घसा कोरडा करून तुला समजावलं की काय?" टेबलापलीकडची एक बाई हसली. सिस्टर हसल्या नाहीत. "हे इथं 'नाही' असंच राहिलं असतं आणि आम्ही त्याच हिशोबानं औषधं दिली असती, तर? कळतंय का तुला? भाजीवाल्याशी बोललीस नव्हे, दवाखान्याशी बोललीस."

दुसरं कोणी असतं तर छायानं दोन ऐकवली असती. आज तिनं मान खाली घातली. सिस्टरनी 'नाही' वर काट मारली, वर लाल पेननं काही तरी लिहिलं, आणि वहिनीला आत नेलं.

दार लागलं. आई आणि छाया बाहेर. आईचे ओठ हलत होते, देवीचं काहीतरी चाललं होतं. छाया दाराच्या फटीकडं बघत होती. आतून भांड्यासारखा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, मग काहीच नाही. एवढा वेळ दुर्बीणच बघतात का? का कापतायत? वहिनी ओरडली तर ऐकू येईल का इथपर्यंत? एक मावशी ट्रे घेऊन आत गेली, ट्रेवर फडकं झाकलेलं. छायानं तिचा हातच धरला.

"मावशी, आत काय करतायत?"

"बघतायत गं बाई. सोड, सांडंल."

एकदाचं दार उघडलं आणि दोघींना आत बोलावलं. वहिनी खुर्चीवर बसली होती, साडी नीट करत, चेहरा पांढरा पण जागच्या जागी. डॉक्टर मॅडम हात पुसत होत्या. त्यांनी आईला बसायला सांगितलं आणि सावकाश बोलल्या.

"पिशवीच्या तोंडावर एक भाग बदललेला दिसतोय. ते खरं आहे. पण कॅन्सर दिसत नाहीये. असे बदल वाढायला सहसा वर्षं लागतात, महिने नाही. म्हणून आत्ता काहीही कापायचं नाही, काहीही काढायचं नाही. बाळाला ह्याचा त्रास नाही. तीन महिन्यांनी परत बघू, संक्रांतीच्या सुमारास. मग बाळंतपण. आणि बाळंतपणाचा सव्वा महिना उलटला की, बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत पुन्हा यायचं. उपचार लागला तर तेव्हा करू, तोही तेवढ्याच जागेचा. पिशवीचा नाही."

"आणि मधे वाढलं तर?" छायानं विचारलं.

"म्हणून तर तीन महिन्यांनी बघायचं. रक्त गेलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. संक्रांत चुकवली तर मात्र माझ्या हातात काही नाही." मॅडमनी तिच्याकडं जरा रोखून पाहिलं. "सगळं छान आहे, असं मी म्हणत नाहीये. बघत राहायचं आहे, एवढंच म्हणतेय."

आई पुढं सरकली. आता ती एकदम म्हणाली, "बाई, थांबता येतं?"

"म्हणजे?"

"पिशवीत असलं काही दिसलं, तर थांबून बघता येतं? न काढता?"

"बऱ्याचदा येतं, आजी. का हो?"

"माझी काढली," आई म्हणाली. "नुसतं पांढरं जात होतं. दुर्बीण नाय, काय नाय. थांब असं कोणी म्हणालंच नाय मला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तेव्हाचे कागद आहेत का?"

"कागद दिले नव्हते."

 वहिनीनं हात पुढं केला आणि आईच्या गुडघ्यावर ठेवला. आईनं तो हात तसाच राहू दिला.

बाहेर आल्यावर ऊन लागत होतं. रिक्षा स्टँडवर शेअर रिक्षा भरायला वेळ होता, तिघी मागच्या सीटवर दाटून बसल्या. पुढं ड्रायव्हरशेजारी एक म्हातारा बसला होता, मांडीवर भाजीची पिशवी. छाया कडेला. सकाळपासून तिला वहिनीला काही तरी म्हणायचं होतं आणि जिभेवर शब्द येत नव्हता. शिव्या किती पटकन येतात.

"वहिनी, चुकलंच माझं," ती शेवटी रस्त्याकडं बघत म्हणाली.

"हो, चुकलं," वहिनी म्हणाली. तिनं पदर नीट खोचला. मग म्हणाली, "संक्रांतीला येशील तू माझ्याबरोबर. पण तिथं बोलणार मी. आता फोन दे, यांना लावते."

छायानं नंबर लावून फोन दिला. बाजाराचा गलका रिक्षाभर ऐकू आला, आणि त्यात महेशदादाचं "हां, काय म्हणाले?"

आईनं सवयीनं वहिनीला कोपर मारलं, पुढं माणूस बसलाय म्हणून. वहिनीनं आवाज खाली केला नाही.

"नीट ऐका. माझ्या पिशवीच्या तोंडाला बदल झालेत. हां, पिशवीच्या. नाय, कॅन्सर नाय दिसला. नाय, काढायची नाय. तीन महिन्यांनी परत बघणार, बाळंतपणानंतर पुन्हा बघणार. तोवर काय होईल ते कोणालाच माहीत नाय, मला पण नाय."

म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. पिशवीतली मेथी नीट करत राहिला.  मग दादानं काही तरी विचारलं, इतकं हळू की छायाला ऐकू आलं नाही.

"बाळ हाय," वहिनी म्हणाली. "आणि मी पण हाय. दोघांचं विचारा ना."